अक्काला बसेल असं गाणं

सोलापूर
९ फेब्रुवारी १९८६

अक्का,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते मला नीट येत नाही. आमच्या शाळेत मराठीचे आठवड्याला तीनच तास. म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येतो.

तू पप्पांना पाठवलेलं पत्र मी वाचलं. (कुणी दिलं नव्हतं, टेबलावर पडलं होतं.) दूध संघाच्या प्रचार पथकात गाणाऱ्या बाईची एक जागा निघालीय, जीपमधून गावोगाव जायचं, बायकांना दुधाच्या सोसायटीत या म्हणून गाण्यातून सांगायचं, आणि निवडीसाठी उस्मानाबादला साहेबांसमोर गाऊन दाखवायचं. इथपर्यंत एकदम मस्त. आणि खाली तू लिहितेस, "मामा, अर्ज टाकला खरा, पण माझा हा असला जाडा आवाज ऐकून घेणार कोण?"

अक्का, असं कुणी लिहितं का! मी आमच्या म्युझिकच्या मिसना विचारलं. त्या म्हणाल्या, बायकांचे आवाज दोन-तीन तऱ्हेचे असतात, त्यातल्या खालच्या आवाजाला आल्टो म्हणतात. तो काही आजार नाही. म्हणजे तू आल्टो आहेस! प्रॉब्लेम तुझ्या गळ्यात नाही, गाणी निवडण्यात आहे. रेडिओवरच्या सगळ्या बाया उंच गातात, तू त्यांच्या मागे पळतेस आणि धापा टाकतेस.

म्हणून मी एक कॅसेट पाठवतोय. माझ्या मित्राचे काका मस्कतला असतात. ते सांगत होते की जपानमध्ये लोक नुसतं वाजवलेलं गाणं लावतात आणि त्यावर स्वतः गातात. कराओके म्हणतात त्याला. मग आम्ही तिघांनी बसून केलं. कॅसिओ, गिटार आणि तबला. गाणारं कुणी नाही, ती जागा तुझी. तीन गाणी आहेत, एक पाळणा, एक झोपाळ्याचं, एक हळदीचं. मुरुमच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. थोडं वर जाईल तुला, घाबरू नको. रोज सकाळी तोंड मिटून दहा मिनिटं म्म्म्म करायचं. मिसनी सांगितलंय.

विरू


मुरुम
१८ फेब्रुवारी

चि. विरू,

कॅसेट मिळाली. कंडक्टर म्हणला, "गाणी हायत का भाषण?" मी म्हणलं, "दोन्ही न्हाय, नुसता बाजा हाय." तो डोकं खाजवत गेला.

आधी तुला इथलं सांगते. तू पत्र वाचलंसच, आता सगळंच वाच. मी दूध संकलन केंद्रावर फॅट बघायला बसते ते तुला माहीत हाय. पण आता दूधच न्हाय. निम्मी जनावरं दुष्काळाच्या छावणीत गेली, उरलेली पाण्यावाचून आटली. सकाळी चार बायका येतात, तांब्या-तांब्यानं दूध घालतात. पाडव्यानंतर केंद्र बंद करणार म्हणतात. मी सासरहून परत आले त्याला सहा वर्षं झाली. केंद्र बंद झालं की दादा मला बिदरला धाडणार. मोठ्या काकूंना अर्धांगवायू झालाय, त्यांच्या उशाला कुणीतरी बसायला पायजे. कुणीतरी म्हणजे मीच. दादा वाईट न्हाय, पण त्यानं ठरवूनच टाकलंय. म्हणतो, "नोकरी लागली तर ऱ्हा, न्हायतर जा." म्हणून हा अर्ज.

आता कॅसेटचं. तू घाबरवलं होतंस, पण विरू, मला तर सहज जमलं! दादाचा टेप दिवाळीपास्नं तसाच पडून होता, तो घेऊन मी अंगणात बसले. पाळणा लावला, आन् आवाज असा बसला की जणू माझ्या मापाचं शिवलंय. लेकीचा आवाज ऐकून अव्वा चूल सोडून बाहेर आली. म्हणली, "तूच म्हणतीस व्हय?"

एक विचारायचं होतं. सुरवातीला तू "अक्का, रेडी? वन टू थ्री" म्हणतोस, तिथं तुझा आवाज अगदी मामांसारखा येतोय. तुझा आवाज फुटला का रे? तब्येतीला जप.

शिवकांता अक्का


सोलापूर
२६ फेब्रुवारी

अक्का,

माझा आवाज दोन वर्षांपूर्वीच फुटलाय! आणि पप्पांसारखा अजिबात नाहीये, वर्गात मला अजून चिडवतात. असो.

पण तुझी न्यूज ऐकून मी घरभर नाचलो. तो पाळणा काळी पाचमध्ये आहे. काळी पाच म्हणजे पेटीवरची एक जागा, तिथून गाणं धरायचं, आणि ती बऱ्यापैकी उंच आहे. मी मुद्दाम तशीच ठेवली होती, कारण कॅसिओवाल्याला तेवढंच वाजवता येतं. आणि तू ती सहज गायलीस! म्हणजे म्म्म्मचा इफेक्ट झाला. दहा दिवसांत! मिसना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शक्य नाही. ताईंना म्हणावं, जपून." पण त्यांना तू माहीत नाहीस.

आता आपण चान्स घ्यायचा. दुसरी कॅसेट पाठवतोय, हिच्यातली गाणी अजून वर आहेत. साहेब लोकांना उंच आवाज आवडतो, हे तूच पप्पांच्या पत्रात लिहिलं होतंस. आपण त्यांना उंचच दाखवू.

विरू


मुरुम
१२ मार्च

चि. विरू,

दुसरी कॅसेट पहिलीपेक्षा बरी बसली. मला काय समजंना झालंय. तू म्हणतोस अजून वर हाय, आन् मला तर खाली वाटतंय. म्म्म्म मी करते, पण खरं सांगू, चारच दिवस केलं. वहिनी म्हणली, "माशी शिरली का तोंडात?" मग बंद केलं.

वाजवताना तुम्ही पोरं लई संथ वाजवता रे. पाळणा ठीक हाय, पण हळदीचं गाणं म्हणजे नवरी झोपायला लागली. आन् ते गिटार ढोलासारखं घुमतंय. तरी मला बरंच पडतंय, दम पुरतो. वाजवा तसंच.

मुलाखतीचं पत्र आलं. सात एप्रिल, सकाळी अकरा, उस्मानाबाद. एक आपल्या पसंतीचं गाणं, आन् एक त्यांचं. त्यांचं छापून पाठवलंय:

उठ गं म्हैशे, तांबडं फुटलं, चरवी आली दारात
सहा घरांचं दूध मिळालं एकाच मोठ्या कॅनात

असल्या कोरड्या सालात म्हैस उठली तरी काय देणार, पण ते जाऊ दे. आपल्या पसंतीचं कुठलं म्हणू? दादा म्हणतो देवाचं म्हण, कुणी नावं ठेवत न्हाय. वहिनी म्हणते लावणी नको. अव्वा म्हणते लहान म्हण, लवकर संपंल. तू सांग.

अक्का


सोलापूर
२० मार्च

अक्का,

संथ? आम्ही संथ वाजवतो? हळदीचं गाणं तर इतकं फास्ट आहे की तबलेवाल्याचा अंगठा सुजला! तू ऐकतेस ती आमचीच कॅसेट आहे ना? माझं डोकं चालेना. मी आमच्याकडची कॉपी तीनदा लावली. फास्टच आहे. तिथे उन्हात कॅसेट ठेवतेस का? वितळून लांबते का ती? मित्र म्हणतो, हो.

गाण्याचं ऐक. मिसनी मला एक नियम सांगितला. आपण गाणं निवडताना पहिली ओळ गुणगुणून बघतो आणि म्हणतो, जमलं. तिथंच फसतो. गाण्यातली सगळ्यात उंच जागा कुठे आहे ती आधी शोधायची, बहुतेक मधल्या कडव्यात असते, आणि तीच पहिल्यांदा म्हणायची. ती आली तर गाणं आपलं. खालच्या आवाजाच्या बाईनं असं गाणं घ्यायचं, जे एकाच अंगणात फिरतं, माडीवर चढत नाही. पाळणे, ओव्या तसल्या असतात. झोपाळ्याचं गाणं मात्र कडव्यात एकदम उडी मारतं.

हा नियम खरं तर आता तुला लागू नाही, कारण तुला सगळंच येतंय. म्हणून मी म्हणतो, झोपाळ्याचंच म्हण! कॅसेट बरोबर ने. टेपवर गाणारी बाई त्यांनी आयुष्यात बघितली नसेल. मी म्हशीच्या गाण्याचीपण चाल बसवून पाठवतोय, काळी पाच.

विरू


मुरुम
३० मार्च

विरू,

माझा आवाज गेला.

कसा गेला ते सांगते, तुला काय कळलं तर बघ. शुक्रवारी दादानं बाजारातनं टेपसाठी नवे सेल आणले, बहिणीची मुलाखत हाय म्हणून, स्वतःहून. मी खुशीत बसले. झोपाळ्याचं लावलं, तर बाजा पळायला लागला. माझ्या तोंडातनं दुसरी ओळ निघायच्या आत तिसरी आली. कडव्याला उडी मारली तर आवाज चिरकला आन् ठसका लागला. पाळणा लावून बघितला, तोसुद्धा न्हाय. महिनाभर जे लोण्यासारखं येत होतं ते सगळं गेलं. तुझं "वन टू थ्री"पण पोरीसारखं यायला लागलंय. म्हणजे माझे कानपण गेले का काय?

अव्वा म्हणते, फुफाटा लागला. वहिनी म्हणते, लोणचं खाल्लंस. शेजारच्या जाईबाईंनी ज्येष्ठमध दिला, तीन दिवस चघळतेय. कुणाची दृष्ट लागली असं पण एकजण म्हणून गेली, माझ्या आवाजाला दृष्ट लावणारी बाई मला बघायचीय खरं.

दादानं बिदरच्या गाडीची वेळ विचारून ठेवलीय. आठ दिवस राहिलेत. काय करू लवकर कळव.

अक्का


सोलापूर
३ एप्रिल, अर्जंट!!

अक्का,

तुझा आवाज गेला नाही. कारण तो वाढलाच नव्हता.

तुझं पत्र आज मिळालं. मी पळत मिसकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "ताईंचा टेप लाइटवर चालतो की सेलवर?" मग मी घरी येऊन आमच्या टॉर्चमधले मेलेले सेल टेपमध्ये घातले आणि आमचीच कॅसेट लावली. अक्का, गाणं लोळायला लागलं! संथ झालं आणि खालीपण गेलं. गिटार ढोलासारखं. आणि माझा आवाज सेम पप्पांसारखा.

कळलं का? दिवाळीचे सेल उतरत गेले, टेप हळू फिरत गेला, गाणं खाली खाली आलं आणि तुझ्या आवाजाला येऊन मिळालं. तू उंच गातच नव्हतीस. तू तुझ्याच जागेवर गात होतीस आणि मी मूर्खासारखा अजून उंच, अजून उंच पाठवत होतो. नवे सेल घातले आणि गाणं परत वर पळालं.

कॅसेट नेऊ नकोस. झोपाळ्याचं गाणं म्हणू नकोस! पाळणा म्हण, तुझ्या जागेवरून. प्लीज हे पत्र वेळेत मिळू दे.

विरू


मुरुम
१० एप्रिल

विरू,

तुझं पत्र मी आल्यावर दारात पडलेलं होतं. उभ्या उभ्या वाचलं आन् तिथंच पायरीवर बसले. हसू का रडू कळंना. आता तिकडं काय झालं ते ऐक.

आम्ही सातजणी होतो. समोर तीन माणसं. मधी कमलबाई, पथकाच्या प्रमुख, शेजारी संघाचे एक साहेब, आन् कडंला पेटी घेऊन भीमाशंकर मास्तर, म्हातारे, पान खाऊन बसलेले. माझ्या आधीच्या पोरीचा आवाज कसा, तार ओढल्यासारखा. साहेब मान डोलवत होते.

तुझं उत्तर आलं नव्हतं, म्हणून आधी ठरल्याप्रमाणं मी टेप ठेवला. साहेब म्हणले, "हे काय आणलंत?" मी म्हणलं, "यात बाजा हाय, मी वरनं म्हणणार." त्यांनी लाइटवर जोडून दिला. विरू, घरी पळत होता त्याच्यापेक्षा जोरात पळाला. झोपाळ्याच्या कडव्यात माझा आवाज असा फाटला, की मागं बसलेली एक बाई "अगं बाई गं" म्हणली. मी गप झाले. बाजा एकटाच वाजत राहिला, शेवटपर्यंत. कुणी बंदच करंना.

कमलबाई म्हणल्या, "बसा. पुढच्या या."

मी वायर काढायला लागले, निघंना. तेवढ्यात मास्तर म्हणले, "बाई, एवढ्या उंचावनं म्हणायला कुणी सांगितलं तुमाला?"

"घरी बसत होतं."

"घरी कसं बसत होतं?"

"कसं ते मलाच कळंना झालंय. महिनाभर बसलं, आन् एकदम गेलं."

"तुमी आता बोलताय ती काय गेलेल्या आवाजात व्हय? चांगला खणखणीत हाय की. म्हशीचं गाणं म्हणा बघू. टेप ऱ्हाऊ द्या."

त्यांनी काळी पाच धरली. मी मान हलवली. एक पट्टी खाली आले, मी मान हलवली. अशी मान हलवत हलवत पांढरी चारवर आलो. तिथं मी "उठ गं म्हैशे" म्हणलं आन् ते बसलं. अंगणात बसायचं तसंच. मी डोळे मिटून सगळी कडवी म्हणली.

डोळे उघडले तर साहेब म्हणत होते, "मास्तर, बाईचा आवाज बाईसारखा नको का? पडद्यामागनं आला तर लोक म्हणतील, गडी गातोय."

मास्तर म्हणले, "मग पडदा कशाला लावताय? जीपवर उभं करा, दिसंल की लुगडं."

कमलबाई हसल्या न्हाईत. त्यांनी वहीत कायतरी लिहिलं आन् "कळवू" म्हणल्या. आता हे हो का न्हाय, मला समजलं न्हाय. मास्तरांना बाहेर विचारलं, ते म्हणले, "मला सुदीक न्हाय."

तुझ्यावर राग हाय का विचारशील. हाय. पण तुझ्या कॅसेटी नसत्या तर माझी जागा खाली हाय हे मला कधी कळलं नसतं. म्हणजे राग हाय आन् न्हाय. दादानं पिशवी भरायला सांगितलीय.

अक्का


सोलापूर
१७ एप्रिल

अक्का,

माझ्यामुळे तुझी फजिती झाली. मला वाटत होतं मी तुला हेल्प करतोय. मिस म्हणाल्या, "तू एकदा तरी तिचा आवाज ऐकलास का?" ऐकलेला, दोन वर्षांपूर्वी, मुंजाळे काकांच्या लग्नात, पण तेव्हा मी जेवत होतो.

तू बिदरला गेलीस का? हे पत्र मुरुमला पाठवू की बिदरला, कळेना, म्हणून मुरुमलाच पाठवतो. पप्पा म्हणतात ते स्वतः तुझ्या गुरुसिद्धप्पादादाशी बोलतील. पण काय बोलणार ते त्यांनापण माहीत नाही.

काय ते लवकर लिही. चिडून लिहिलंस तरी चालेल.

विरू


कळंब
२ जून

चि. विरू,

पत्रावर कळंब बघून चक्रावला असशील. मीपण अजून चक्रावलेलीच हाय.

एप्रिलच्या शेवटी मी बिदरच्या गाडीत बसायच्या आदल्या दिवशी कार्ड आलं. तार ओढल्यासारखी गाणारी ती पोरगी निवडली होती, पण तिच्या घरच्यांनी मे महिन्याच्या उन्हात जीपमधनं हिंडायला सोडलं न्हाय. दुसरीचं लग्न ठरलं. म्हणून मला, एक महिन्यापुरतं, "बघू" म्हणून. दादानं कार्ड दोनदा वाचलं आन् भरलेली पिशवी तशीच माझ्या हातात दिली. म्हणला, "भरलेलीच हाय, जा." बिदरला त्यानं वहिनीच्या मावशीला पाठवलं.

महिना काल संपला. आज संघाचं दुसरं कार्ड आलं, दिवाळीपर्यंत ठेवलंय. कसं ते सांगते, कारण मी पार उलटंच धरून बसले होते.

पहिल्या पंधरा दिवसांत धड काय जमलं न्हाय. लाऊडस्पीकरवर माझा आवाज आला की माणसं जमायची, आन् बाई बघून म्हणायची, "गाणारा कुठंय?" साहेब तोंड वाकडं करायचे. मग कळंबच्या बाजूला एका छावणीवर गेलो. गावची सगळी जनावरं तिथं, म्हणून बायका पण तिथंच, शेण काढत, चारा टाकत. जीप उभी केली. मास्तरांनी पांढरी चार धरली, मी म्हैस उठवली. दुसऱ्या ओळीला मला वाटलं, स्पीकर घुमायला लागला. मास्तरांनी पण मान वळवून बघितलं. स्पीकर नव्हता. मागं गव्हाणीपाशी एक बाई म्हणत होती, धुरपदाबाई तिचं नाव, साठीची असंल. मग तिच्या शेजारची. मग सगळ्याच. विरू, त्यांचे आवाज माझ्यासारखेच रे! उन्हातान्हात हाका मारून बसलेले, जाडे, खालचे. आधीची गाणारी बाई यायची तेव्हा ह्या नुसत्या ऐकायच्या, कमलबाईंनीच मला सांगितलं. एवढ्या वर यांना जाताच यायचं न्हाय.

पण कमलबाईंनी त्या दिवशीच्या रिपोर्टात काय लिहिलं असंल? "श्रोत्या बायका मधेच गात असल्यानं गायिकेचा आवाज वेगळा ऐकू आला नाही." मी वाचलं आन् म्हणलं, संपलं, ही तक्रार गेली वर. रात्रभर बिदर दिसत होतं. मी काय करावं, त्यांना गप बसा म्हणावं का अजून मोठ्यानं म्हणावं, ठरंना. आन् आठ दिवसांनी त्याच गावच्या सोसायटीचं पत्र संघाला, की त्याच बाईला परत पाठवा, आमच्या बायकांना तिच्याबरोबर म्हणता येतं, आन् सोसायटीत नव्यानं आलेल्या बायकांच्या नावांची यादी सोबत.

काल परत गेलो. माझं एक कडवं झालं, दुसऱ्याला घसा कोरडा पडला, जरा थांबले. तर धुरपदाबाई हातातली पेंढी खाली ठेवून पुढं आली, जीपच्या चाकाला टेकली आन् म्हणली, "बाई, तू दम खा, पाणी पी. तवर आमी म्हणतो."

आन् म्हणायला लागल्या की रे. म्हशी सगळ्या माना वर करून बघत होत्या. मास्तर पेटी ओढतायत, कमलबाई वही मिटून बसल्यात, बायका गातायत, आन् मी, पगारी गायिका, माईकपुढं तांब्या तोंडाला लावून उभी.

तुझी
अक्का